श्रीमंत देशांतली गरिबी सरकारी योजनांनी खरंच कमी होते का, हे स्वतः कसं तपासायचं

रविवारी सकाळी नाशिकला सीबीएस बसस्थानकाच्या मागे एका अभ्यासिकेत मी अर्थशास्त्र शिकवते. मुलं दिंडोरी, पेठ, सुरगाणा, सिन्नर अशी कुठून कुठून आलेली असतात, रूम करून राहतात, डबा लावतात आणि एमपीएससीचा अभ्यास करतात. दर बॅचला कुणीतरी विचारतंच की मॅडम, अमेरिका एवढी श्रीमंत मग तिथे एवढे गरीब कसे, आणि डेन्मार्कमध्ये एवढे कमी कसे. त्याला लागूनच दुसरं कुणीतरी म्हणतं की फुकट पैसे वाटून गरिबी जाते का हो, लोक आळशी होतात. मग वर्गात अर्धा तास लाडकी बहीणवर भांडण होतं आणि मूळ प्रश्न राहून जातो. म्हणून मी आता थेट उत्तर देणं बंद केलंय, तपासायची पद्धतच शिकवते, कारण पद्धत कळली की कुठल्याही देशाचं, कुठल्याही योजनेचं आपलं आपल्याला बघता येतं आणि टीव्हीवरच्या कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज राहत नाही. तीच इथे लिहितेय. वही पेन घ्या, थोडी आकडेमोड आहे पण पाचवीतली आहे.

आधी विचारा, रेषा कुठली?

आपल्याकडे दारिद्र्यरेषा म्हटलं की डोळ्यासमोर पिवळं रेशनकार्ड येतं, म्हणजे पोट भरण्यापुरतेही पैसे आहेत की नाही हा प्रश्न. युरोपातले देश असं मोजत नाहीत. तिथे विचारतात की आजूबाजूच्या सर्वसाधारण माणसापेक्षा तुम्ही किती मागे पडलात. देशातल्या सगळ्यांना उत्पन्नाप्रमाणे रांगेत उभं करायचं, बरोबर मधल्या माणसाचं उत्पन्न घ्यायचं, त्याला मध्यक म्हणतात, आणि त्याच्या ५० टक्क्यांच्या खाली जे असतील ते गरीब. ही ओईसीडीची, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेची, रेषा. युरोपियन युनियन ६० टक्के धरतं. एवढ्या एका फरकानं एकाच देशाचा आकडा कितीतरी बदलतो, म्हणून दोन बातम्यांत दोन आकडे दिसले की लगेच कुणाला खोटारडं ठरवू नका, आधी रेषा बघा.

सिडकोतली एक गल्ली धरा, नऊ घरं. महिन्याचं उत्पन्न हजारात असं: ८, १०, १७, २२, ३०, ३४, ४०, ५५, १२०. मधलं घर पाचवं, म्हणजे ३०. पन्नास टक्क्यांची रेषा १५ हजारांवर आली, तिच्या खाली दोन घरं. साठ टक्क्यांची रेषा १८ हजार, खाली तीन घरं. आता १२० हजारवाल्याचा धंदा जोरात चालला आणि तो ५०० वर गेला तर काय होईल? सरासरी ३७ हजारांवरून थेट ८० हजारांच्या जवळ जाईल, गल्ली एकदम श्रीमंत दिसेल, पण मध्यक ३० च राहील आणि गरीब घरंही तेवढीच राहतील. म्हणून मध्यक वापरतात, एका बंगल्यामुळे तो हलत नाही.

पण ह्या रेषेत एक खोट आहे आणि ती मुलांना मी पहिल्याच दिवशी दाखवते. समजा त्या ३० हजारवाल्याची अंबडमधली कंपनी बंद पडली आणि तो २० वर आला. आता रांग ८, १०, १७, २०, २२, ३४, ४०, ५५, १२०. मध्यक झाला २२, त्याचे साठ टक्के १३ हजार २००. म्हणजे १७ हजारवालं घर, ज्याला एक रुपया जास्त मिळालेला नाही, ते कागदावर गरिबीतून बाहेर आलं! हे खरोखर घडतं. २००८ च्या मंदीनंतर ब्रिटनमध्ये मधल्या लोकांचं खरं उत्पन्न घसरलं आणि २०१०-११ च्या सुमाराला सापेक्ष, म्हणजे ह्या सरकत्या रेषेवरची, गरिबी कमी झालेली दिसली. उलट ग्रीसमध्ये सापेक्ष आकडा २० वरून २३ टक्क्यांच्या आसपास एवढाच हलला, पण २००८ ची रेषा तिथेच धरून ठेवून मोजलं तेव्हा गरीब ४० टक्क्यांच्या पुढे गेले होते. तर मंदीच्या काळातली आकडेवारी हातात आली की एका जागी खुंटी मारलेली रेषा आणि सरकती रेषा, दोन्ही बघायच्या.

अजून एक छोटी गोष्ट, घरातली माणसं. चार माणसांच्या घराला एका माणसाच्या चौपट पैसे लागत नाहीत, कारण भाडं एकच, फ्रिज एकच, गॅस एकच. ओईसीडी घरातल्या माणसांच्या संख्येचं वर्गमूळ घेऊन त्यानं उत्पन्नाला भागतं, म्हणजे चौघांचं ४० हजार हे एकट्या माणसाच्या २० हजारांसारखं धरतात. लक्षात ठेवा आणि पुढे चला.

अमेरिकेची सरकारी रेषा मात्र वेगळ्याच वाटेनं आलीय. तिथल्या सोशल सिक्युरिटी खात्यात मॉली ऑर्शान्स्की नावाच्या बाई होत्या, त्यांनी १९६३-६४ मध्ये हिशेब मांडला की १९५५ च्या पाहणीप्रमाणे कुटुंबं साधारण एक तृतीयांश उत्पन्न खाण्यावर घालवतात, तर काटकसरीच्या खाण्याचा खर्च गुणिले तीन ही गरिबीची रेषा. तीच रेषा महागाईप्रमाणे वाढवत आजपर्यंत चालू आहे, जरी आता खाण्याचा वाटा कमी आणि भाड्याचा, दवाखान्याचा वाटा कितीतरी जास्त झालाय. त्याहून मोठी अडचण म्हणजे ती टॅक्सच्या आधीचं रोख उत्पन्न मोजते, अन्नाची मदत धरत नाही, टॅक्समधून परत मिळणारे पैसे धरत नाही. म्हणजे सरकार ज्या मार्गानं सगळ्यात जास्त मदत करतं तेच मोजमापाच्या बाहेर. २०११ पासून तिथलं जनगणना खातं दुसरं एक पूरक मोजमाप पण देतं, त्यात ही मदत मिळवतात आणि टॅक्स, कामासाठी होणारा खर्च, खिशातून गेलेला दवाखान्याचा खर्च वजा करतात. ह्या दोन मोजमापांचा फरक खाली फार कामाला येणार आहे.

मग विचारा, आधी किती आणि नंतर किती?

सगळ्या पद्धतीचा जीव ह्या पायरीत आहे, इथे घाई करू नका.

प्रत्येक देशाचे दोन आकडे काढायचे. पहिला, लोकांना बाजारातून जेवढं मिळतं, पगार, धंदा, व्याज, भाडं, फक्त तेवढ्यावर किती लोक गरीब ठरतात. दुसरा, सरकारनं टॅक्स कापून आणि पेन्शन, बालभत्ता, बेकारभत्ता वगैरे देऊन झाल्यावर हातात जे उरतं त्यावर किती गरीब. दोन्हीतला फरक म्हणजे सरकारचं काम, ढोबळमानानं.

परत गल्लीत या, पहिल्या गल्लीत, मध्यक ३० आणि रेषा १५. सरकारनं १२० वाल्याकडून १४ हजार टॅक्स घेतला, ८ वाल्याला ८ दिले, १० वाल्याला ६ दिले. दोघंही १६ वर आले. आधी नऊपैकी दोन गरीब, म्हणजे २२ टक्के, नंतर शून्य. आणि मधल्या माणसाला काहीच धक्का लागला नाही. आता समजा सरकारनं दोघांना चार चारच हजार दिले. एक १२ वर, दुसरा १४ वर. दोघंही अजून रेषेखालीच! डोकी मोजली तर योजना फेल, २२ चे २२ टक्के. पण रेषेपर्यंत पोचायला आधी सात आणि पाच मिळून १२ हजार कमी पडत होते, आता तीन आणि एक मिळून ४ हजारच कमी पडतात. ह्याला गरिबीची दरी म्हणतात. ज्या घरात आठ हजाराचे बारा झाले तिथे मुलाच्या शाळेची फी भरली गेली असेल, दुकानदाराची उधारी फिटली असेल, ते डोकी मोजून कधीच दिसणार नाही. म्हणून कुणी म्हटलं की इतके कोटी खर्चून गरिबी एक टक्का पण हलली नाही, तर दरी विचारा. मला हा मुद्दा फार जिव्हाळ्याचा वाटतो कारण अगदी खालची माणसं नेहमी ह्याच जागी हिशेबातून गळतात.

आता खरे देश. फ्रान्समध्ये फक्त बाजारातल्या उत्पन्नावर बघितलं तर ३५ टक्क्यांहून जास्त लोक रेषेखाली असतात, आणि सरकारचं देणंघेणं झाल्यावर साधारण ८ टक्के उरतात. अमेरिकेत आधीचा आकडा फ्रान्सपेक्षा कमी आहे, २७ च्या आसपास, पण नंतरचा १७-१८ राहतो. डेन्मार्क, फिनलंड नंतरच्या आकड्यात ६-७ टक्क्यांवर असतात. हे सगळं ५० टक्क्यांच्या रेषेवर. पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिलं तेव्हा एक मुलगी म्हणाली की म्हणजे अमेरिकेत बाजार जास्त गरीब करत नाही, सरकार कमी वर काढतं. अगदी तेच. गरिबी ही देशाच्या श्रीमंतीतून आपोआप येत किंवा जात नाही, ती ह्या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत ठरते.

पण इथेच एक सावधगिरी सांगते, नाहीतर परीक्षेत आणि वादात दोन्हीकडे अडकाल. फ्रान्सचा आधीचा आकडा एवढा मोठा का? कारण तिथे म्हातारपणी जवळजवळ सगळं उत्पन्न सरकारी पेन्शनमधूनच येतं. म्हणजे नोकरी नीट केलेला रिटायर झालेला माणूस पण बाजारातल्या उत्पन्नावर शून्य दिसतो आणि गरिबात मोजला जातो, मग पेन्शन मिळाली की सरकारनं त्याला वर काढलं असं दिसतं. अमेरिकेत बऱ्याच लोकांचे म्हातारपणाचे पैसे खासगी फंडातून येतात, ते बाजारात धरले जातात. म्हणून तुलना करायची तर १८ ते ६५ वयाच्या लोकांची आणि मुलांची वेगळी करा, म्हाताऱ्यांची वेगळी. शिवाय हेही आहे की सरकारी पेन्शन नसतीच तर लोकांनी स्वतः जास्त साठवलं असतं, उशिरापर्यंत काम केलं असतं, तेव्हा आधीचा आकडा म्हणजे योजना नसलेल्या जगाचं खरं चित्र नाही, एक कल्पनेतला हिशेब आहे. तरीही कामाचा आहे.

कुणाची गरिबी?

एका देशाचा एक आकडा घेऊन बसू नका. सीबोम राउंट्री ह्यांनी १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघरी पाहणी केली, साधारण २८ टक्के लोक गरिबीत निघाले, पण त्यांचं मोठं निरीक्षण असं होतं की कामगाराच्या आयुष्यात गरिबी तीनदा येते: लहानपणी, मग स्वतःची मुलं लहान असताना, आणि म्हातारपणी. मधे थोडी उसंत. सातपूरच्या कुठल्याही कामगाराला विचारा, तो हेच सांगेल. आणि नीट बघितलं तर श्रीमंत देशांच्या बहुतेक योजना ह्या तीन खड्ड्यांवर टाकलेल्या फळ्याच आहेत. जर्मनीत बिस्मार्कनं १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा आणला. ब्रिटनमध्ये १९०८ चा कायदा होऊन १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन पोस्टातून मिळू लागली. स्वीडननं १९४८ मध्ये प्रत्येक मुलाला, गरीब असो श्रीमंत असो, बालभत्ता सुरू केला.

कुठली फळी घातली आणि कुठली नाही, त्यावर देशाचं चित्र ठरतं. अमेरिकेत १९५९ मध्ये म्हाताऱ्यांपैकी ३५ टक्के गरीब होते, अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आहे, तेही सरकारी रेषेवरच. ह्यात १९३५ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे वाढवत नेलेल्या सोशल सिक्युरिटी पेन्शनचा वाटा सगळ्यात मोठा. मुलांच्या खड्ड्यावर मात्र तशी फळी कधी पडली नाही, एक वर्ष सोडून.

ते एक वर्ष, २०२१

योजनेचा परिणाम तपासायला सगळ्यात चांगली जागा कुठली, तर जिथे योजना अचानक आली आणि अचानक गेली. बाकी लोक तेच, बाजार साधारण तोच, फक्त योजना बदलली. अमेरिकेनं हे नकळत करून दाखवलं.

तिथे मुलांसाठी टॅक्समध्ये सूट असते. जुन्या नियमात ज्यांचं उत्पन्न अगदी कमी त्यांना ती पूर्ण मिळतच नव्हती, कारण कमाई वाढेल तशी ती वाढत जायची, म्हणजे सगळ्यात गरीब मुलांनाच सगळ्यात कमी. मार्च २०२१ च्या कायद्यानं एका वर्षापुरतं हे बदललं. सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० डॉलर, सहा ते सतराच्या मुलामागे ३,००० डॉलर, कमाई शून्य असली तरी पूर्ण. त्यातले अर्धे पैसे जुलै ते डिसेंबर दर महिन्याला खात्यावर, लहान मुलामागे ३०० आणि मोठ्या मुलामागे २५० डॉलर. जास्त कमावणाऱ्यांना कमी होत जायचे, पण बहुतेक घरांना मिळाले.

पूरक मोजमापावर मुलांची गरिबी २०२० मध्ये ९.७ टक्के होती, २०२१ मध्ये ५.२ वर आली, हे मोजमाप सुरू झाल्यापासूनचा नीचांक. मग संसदेत मुदतवाढ झाली नाही, योजना संपली. २०२२ मध्ये आकडा १२.४ टक्के. एका वर्षात दुपटीहून जास्त. २०२३ मध्ये १३.७. मी हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिते आणि काही न बोलता दोन मिनिटं थांबते. त्या मुलांच्या आईवडिलांनी एका वर्षात काम करणं सोडलं होतं असं नाही, बेकारी तर २०२२ मध्ये खूपच कमी होती. बदललं ते फक्त खात्यावर काय येतं ते.

आता ह्याच वर्षांचा सरकारी रेषेचा आकडा बघा. २०२१ मध्ये मुलांची गरिबी १५.३, २०२२ मध्ये १५.०. काहीच घडलं नाही! कारण ती रेषा टॅक्समधून आलेले पैसे धरतच नाही. म्हणून म्हणत होते, मोजमाप कुठलं हे आधी विचारा. चुकीची फूटपट्टी घेऊन बसलेला माणूस प्रामाणिकपणे सांगेल की योजनेनं काही झालं नाही.

सावधगिरी इथेही आहे. २०२१ मध्ये कोविडचे सरसकट चेक पण मिळाले होते, ते २०२२ मध्ये नव्हते, आणि महागाई वाढून रेषा पण वर गेली, तेव्हा सगळी घट आणि सगळी वाढ ह्या एका योजनेच्या नावावर टाकू नका. आणि लोक आळशी झाले का, हा प्रश्न तर येणारच. मासिक हप्त्यांच्या त्या सहा महिन्यांत लोकांनी मोठ्या प्रमाणावर काम सोडलं असं बहुतेक अभ्यासांत दिसलं नाही, पण योजना कायमची असती तर लोक कसे वागले असते हे सहा महिन्यांवरून ठरवता येत नाही, एवढं मान्य करा. फिनलंडनं २०१७-१८ मध्ये दोन हजार बेकार लोकांना दरमहा ५६० युरो बिनशर्त दिले, काम लागलं तरी बंद केले नाहीत. लोकांनी काम सोडलं नाही, दुसऱ्या वर्षी कामाचे दिवस थोडे, सरासरी सहाच, जास्त भरले, आणि मनावरचा ताण कमी झाल्याचं त्यांनी सांगितलं. सहा दिवस म्हणजे चमत्कार नाही, पण आळशीपणा तर नक्कीच नाही.

सगळ्यांना द्यायचं की फक्त गरिबांना?

आपल्याला वाटतं की पैसा कमी आहे तर फक्त गरिबालाच द्यावा, जास्त उपयोग होईल. कोर्पी आणि पाल्मे ह्या दोघा स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये उलटं दाखवलं: जे देश फक्त गरिबांना निवडून देतात तिथे गरिबी कमी उतरते, आणि जे सगळ्यांना देतात तिथे जास्त. कारण असं की मधल्या वर्गाला स्वतःला काही मिळत असेल तर तो जास्त टॅक्स भरायला तयार होतो, एकूण गल्लाच मोठा होतो. फक्त गरिबांसाठीची योजना मात्र निवडणुकीत एकटी पडते. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध तेवढा पक्का राहिलेला नाही असंही दिसलंय, म्हणून हा नियम म्हणून घोकू नका, प्रश्न म्हणून विचारा: ह्या योजनेच्या बाजूनं उभं राहणारे लोक किती?

अमेरिकेत १९९६ मध्ये जुनी रोख मदत मोडून राज्यांना ठराविक साडेसोळा अब्ज डॉलर वर्षाला द्यायचं ठरलं, आयुष्यात पाच वर्षांची मर्यादा आणि कामाची अट घातली. तो साडेसोळाचा आकडा महागाईप्रमाणे वाढवलाच नाही, त्यामुळे मदत आपोआप झिजत गेली, कुणाला बंद करावीच लागली नाही. कुठलीही योजना बघताना हे विचारा की रक्कम महागाईला बांधलीय का. आपल्या लाडकी बहीणच्या पंधराशे रुपयांना पण हाच प्रश्न लागू आहे.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०१७ पासून तिसऱ्या आणि पुढच्या मुलासाठी वाढीव मदत बंद केली होती, मुलांची गरिबी मोठ्या कुटुंबांतच जास्त साचत गेली. त्याच देशात स्कॉटलंडनं फेब्रुवारी २०२१ पासून गरीब घरातल्या मुलामागे आठवड्याला १० पाउंड वेगळे सुरू केले आणि नोव्हेंबर २०२२ पर्यंत ते २५ केले. एकाच देशात दोन धोरणं, तुलनेला सोन्यासारखं. नोव्हेंबर २०२५ च्या बजेटमध्ये ती दोन मुलांची अट एप्रिल २०२६ पासून काढायचं जाहीर झालं, म्हणजे पुढची काही वर्षं ह्या आकड्यांवर डोळा ठेवा.

पैसा पोचतो का?

आमच्या शेजारी एक आजी राहतात, मी त्यांना माई म्हणते. त्यांचं निराधारचं अनुदान दोन वर्षांपूर्वी बंद पडलं, का ते चार महिने कळलंच नाही. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर, हयातीचा दाखला दिला होता तो सापडेना, बोटांचे ठसे मशीन घेईना कारण आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजल्या होत्या. शेवटी मी सुट्टी टाकून बरोबर गेले तेव्हा चालू झालं. त्या चार महिन्यांत कुठल्याही कागदावर माई लाभार्थीच होत्या.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ब्रिटनमध्ये गरीब म्हाताऱ्यांसाठी पेन्शन क्रेडिट नावाची मदत आहे, पात्र असलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश घरं ती घेतच नाहीत. कुणाला माहीत नसतं, कुणाला फॉर्म झेपत नाही, कुणाला मागायची लाज वाटते. म्हणून योजनेच्या कागदावरच्या नियमाबरोबर पात्र किती आणि घेणारे किती हे दोन आकडे शोधा. उत्पन्नाची अट जितकी बारीक, तितकी गळती जास्त, हे जवळपास सगळीकडे दिसतं.

दुसरी बाजू, कमाई वाढली की मदत किती वेगानं कापली जाते. ब्रिटनमध्ये कामाच्या वयातल्या कमी उत्पन्नवाल्यांना युनिव्हर्सल क्रेडिट नावाची मदत मिळते, त्यात ठराविक सूट संपली की हातात येणाऱ्या प्रत्येक १०० पाउंडांमागे ५५ मदतीतून वजा होतात, २०२१ च्या शेवटापर्यंत ६३ व्हायचे. म्हणजे जादा काम करून हातात ४५ च उरतात, त्यातून पाळणाघर आणि बसभाडं गेलं तर एखादी आई म्हणेल की नको ते जादा तास. ती आळशी नाही, तिचा हिशेब बरोबर आहे. आपल्याकडे लाडकी बहीणच्या अडीच लाख वार्षिक उत्पन्नाच्या अटीवर एक रुपया वर गेलं की सगळंच बंद, तिथे कापायचा वेग विचारायची पण सोय नाही, थेट कडाच आहे.

पैशाबाहेरचं

इथे पटकन जाते. डेन्मार्कमध्ये पाळणाघराच्या खर्चाचा जास्तीत जास्त चौथा हिस्सा आईबापांकडून घेतात, बाकी सरकार भरतं. व्हिएन्नात साधारण निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा सरकारी मदतीनं बांधलेल्या घरांत राहतात. हे उत्पन्नाच्या आकड्यात येत नाही पण घरात शिल्लक किती राहते ते ह्यावरच ठरतं. ब्रिटन घरभाड्याच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे देतं, नंतरच्या आकड्यात मुलांची गरिबी ३० टक्क्यांच्या आसपास जाते, आधीच्यापेक्षा बरीच जास्त. गंगापूर रोडला वन आरकेचं भाडं भरणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि सगळं श्रेय सरकारी मदतीला देऊ नका. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये किमान वेतनाचा कायदाच नाही, पण युनियन मजबूत आहेत आणि पगार करारानं ठरतात, त्यामुळे खालचा पगार फार खाली जात नाही. बायका मोठ्या संख्येनं कामाला जातात, घरात दोन पगार येतात. म्हणजे तिथे बाजारच्या पातळीवरच बरंचसं काम झालेलं असतं आणि पाळणाघर त्याला हातभार लावतं. दोन आकड्यांमधला फरक बघताना पहिला आकडा असा का आहे हेही विचारलं पाहिजे.

सरावाला कॅनडा घ्या

पहिल्यांदा स्वतः करायचं असेल तर मी कॅनडा देते. तिथली सरकारी रेषा सापेक्ष नाही, ठराविक टोपलीची आहे, म्हणजे खाणं, कपडे, घर, प्रवास वगैरे प्रत्येक भागात केवढ्याला पडतं ते मोजतात. जुलै २०१६ मध्ये त्यांनी बालभत्ता नव्यानं सुरू केला, टॅक्स नाही, दर महिन्याला, उत्पन्नाप्रमाणे कमी होत जाणारा, सुरुवातीला सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,४०० कॅनेडियन डॉलर. एकूण गरिबी २०१५ मध्ये १४.५ टक्के, २०१९ मध्ये १०.३, २०२० मध्ये ६.४, २०२२ मध्ये ९.९. २०२० मध्ये कोविडची मदत होती, काम गेलेल्यांना चार आठवड्यांना दोन हजार डॉलर, ती पुढे बंद झाली.

आता वहीत चार रकाने करा. बालभत्त्याचा परिणाम बघायला कुठली वर्षं घ्याल आणि कुठलं वर्ष बाजूला ठेवाल, ते लिहा. मुलांचा आकडा वेगळा काढा आणि ज्यांना मुलं नाहीत अशा एकट्या राहणाऱ्या माणसांचा वेगळा, कारण बालभत्ता दुसऱ्यांना मिळतच नाही, म्हणून त्यांची गरिबी जेवढी उतरली असेल तेवढी नोकऱ्यांमुळे किंवा इतर कशामुळे उतरली असं धरून चालता येतं, आणि मुलांची त्याहून जास्त उतरली असेल तर ती जास्तीची घट बालभत्त्याच्या खात्यावर लिहा. आकडे स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या साइटवर फुकट मिळतात. रविवारी दहापर्यंत येत असाल तर वही घेऊनच या, एकत्र बसून तपासू.